उपरी शिंपल्यांची हकीकत

श्री जलदेवता प्रसन्न.

नद्यांत, कुंडांत, आडांत जे थोर जीव नांदतात आणि जे इतके लहान की डोळ्यांस दिसतही नाहीत, त्या सर्वांस दंडवत घालून ही हकीकत लिहिली आहे. ज्यांनी पाहिली त्यांचे तोंडून ऐकिली तैसी उतरली; तिखटमीठ पदरचे थोडके, रडणे मात्र सारे पदरचे. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी एक राज्य होते. त्याचे नाव येथे घेत नाही, घेतले तरी वाचणारास ते आपलेच वाटेल. राज्य मोठे शिस्तीचे. तहानेल्या माणसास पाणी पाजावयाचे तर आधी जात पुसावी आणि मग ओंजळीत धार धरावी ऐसी तेथील चाल, तेव्हा पाण्यातले जीव तरी त्यांतून कैसे सुटावे? म्हणोन जलचरांचीही जात ठरविण्यास सरकारवाड्यात जातनिर्णय सभा बसे, आणि नरहरशास्त्री म्हणोन मोठे विद्वान तिचे मुख्य होते. पूर्वी थोरल्या आईसाहेब दयाळू होऊन गेल्या, त्यांनी ऐसा कायदा करून ठेविला होता की, ज्या पाण्यात अन्यत्र कोठे न मिळणारा जीव नांदतो ते पाणी कोणी बुजवू नये; मात्र त्या जीवाची जात सरकारात दाखल असावी आणि पाहणीचे समयी तो त्या पाण्यात जिता सापडावा. आणि दाखल करण्याची रीत ऐसी की, नवे फळ असो, नवे धान्य असो वा नवा जीव, तो चांदीचे ताटात काठोकाठ भरून सरकारांचे नजरेस घालावा. ताटात रिकामी जागा दिसता कामा नये, कारण सरकारांची दृष्टी रित्या जागेवर पडली तर ते रितेपण राज्यभर पसरते, ऐसे कोणी ज्योतिषी सांगून गेले होते आणि दक्षिणा घेऊन गेले होते.

तो कार्तिकात सरकारांकडे दूर देशीचे हत्ती नजराणा आले आणि त्यांस बांधावयास जागा पुरेना. मग दिवाणसाहेबांनी चहूकडे पाहून मौजे थंडवणीची खोलगट सपाटी पसंत केली आणि हुकूम सोडिला की, मध्ये देवीचे कुंड आहे ते दगडमातीने बुजवून पाडव्यानंतर हत्तीखान्याचा पाया घालावा. थंडवणीस दुसरे पाणी नव्हते. कुंड गेले की गाव उठणार, हे लहान पोरासही कळत होते, आणि दिवाणसाहेबांस कळत नव्हते ऐसे म्हणता येत नाही.

आता अंतोपंतांचे वर्तमान. राजश्री अंतो शिवदेव हे वसुली दप्तरातले जुने कारकून, स्वभावे गरीब आणि कामास चोख. थंडवणी हे त्यांचे आजोळ. उभा जन्म त्यांनी एकच काम केले, ते ऐसे की गावोगाव जाऊन कोण मिरासी आणि कोण उपरी हे लिहावे. ज्याचे घर आणि रान वाडवडिलांपासून चालत आले तो मिरासी, आणि जो परगावाहून येऊन दुसऱ्याचे रानात राबतो, दुसऱ्याचे पडवीत निजतो तो उपरी. हे पाहून पाहून पंतांची दृष्टी ऐसी बनली होती की झाडावर बांडगूळ दिसले तरी ते मनात उपरी म्हणोन लिहीत. तो एके दिवशी देवीचा पुजारी भिवा गुरव त्यांचे दारी आला. लहानपणी दोघे त्याच कुंडात डुंबले होते, म्हणोन भिवा ओटीवर टेकला आणि भीडभाड न ठेविता बोलला.

"पंत, कुंड बुजवनार म्हनत्यात. आमी काय प्यावं? हत्तीचं मूत?"

पंत म्हणाले, "भिवा, मी कारकून. माझे कोण ऐकतो?"

"तुमी लिवता न्हवं? मग लिवा कायतरी. लिवल्याबिगर सरकारात पान हालत न्हाई."

हे ऐकोन पंतांस अन्न गोड लागेना. मग विचार करिता करिता त्यांस आठवले की, कुंडाचे तळाशी वाळूत मसुरीएवढ्या पिवळट शिंपल्या असत, अंगावर तपकिरी रेघ, आणि पोरे त्या ओल्या दंडावर चिकटवून बाजूबंद म्हणोन मिरवीत. ऐशा शिंपल्या दुसरीकडे कोठे पाहिल्याचे स्मरेना. मग त्यांनी सभेचे दप्तर धुंडाळिले आणि पाहतात तो एकाही नदीनाल्याखाली त्या दाखल नाहीत. पंतांचे डोळ्यांत पाणी आले. त्याच पावली ते दिवाणसाहेबांकडे गेले आणि जलचरांची जातवारी लिहिण्याचे काम मागितले, ती जागा कोणास नकोच होती, सबब लगेच मिळाली, आणि दिवाणसाहेब हसून म्हणाले, "पंत, माणसे लिहून कंटाळलात काय?"

मग पौषात पंत भिंग, चिमटा आणि सुई घेऊन थंडवणीस गेले. शिंपल्याची जात त्याची दोन झाकणे जोडणाऱ्या बिजागरीचे दातांवरून ठरते, आणि ते दात पाहावयाचे तर शिंपला उघडावा लागतो, म्हणजे आतला जीव मरतो. त्यास इलाज नाही. पंतांनी देवीस हात जोडिले आणि एक शिंपली उघडिली. दात पाहिले, ते नवेच. आणि आणखी भिंग लावितात तो आतल्या मांसाचे पदरात राजगिऱ्याच्या दाण्याऐशा पांढऱ्या, इवल्या, निराळ्या शिंपल्या दडलेल्या. पंत चकित जाहले. दुसरी उघडिली, तीतही त्या. शिंपले आपले बीज पाण्यात सोडून मोकळे होतात, पिले पोटी वागवीत नाहीत, ऐसे सभेचे ग्रंथांत लिहिले होते आणि पंतांनी तेच प्रमाण धरिले. मग हे आतले कोण? दुसऱ्याचे घरात राहतात, दुसऱ्याचे खातात, आणि स्वतःचे रान नाही. पंतांचे बोटांनी आपोआप लिहिले, "बाहेरील ती मिरासी, आतील ती उपरी." आणि त्यांस बहुत आनंद जाहला, कारण एकाऐवजी दोन नवे जीव निघाले म्हणजे कुंडास दुणा आधार. त्यांनी भिवास मिठीच मारिली.

"नाव पडलं म्हंजी कुंड ऱ्हाईल न्हवं?" भिवाने विचारिले.

"राहील. माझा शब्द," पंत म्हणाले.

माघात सभा भरली. पंतांनी थाळीत ओल्या फडक्यावर शिंपल्या मांडून अर्ज वाचिला, आणि नरहरशास्त्री भिंगातून पाहून संतोष पावले. म्हणाले, "अंतोपंत, उपरी ओळखलीत हे फार नामी काम केलेत. आजवर कोणाचे ध्यानी आले नाही." सभा माना डोलविती जाहली. परंतु विद्वान एकत्र जमल्यावर गोष्ट सरळ कोठून जावी? एक शास्त्री उठून म्हणाले, उपरी ही मिरासीचे घरचे अन्न खाते की वेगळे शिजविते, हे कळल्याशिवाय कुळ लाविता येत नाही. दुसरे म्हणाले, खाल्ले तरी पंक्तीस बसून खाते की मागाहून? ऐसा वाद दिवस मावळेतो चालला आणि दोघांची उपरणी फाटली. मग मुख्य शास्त्रीबोवांनी तोड काढिली की, मिरासीत आकार तीन दिसतात, त्या अर्थी थोरली, मधली आणि धाकटी ऐशा तीन जाती धराव्या आणि उपरी ती चौथी. पंत हळूच बोलिले, "महाराज, लहान ती कदाचित वयाने लहान असेल." शास्त्री हसून म्हणाले, "वय हा वसुलीचा विषय. जात जन्मतःच ठरते." आणि सभेने चार जातींवर शिक्का केला, आणि प्रत्येक जातीचे एक, ऐसी चार ताटे काठोकाठ भरून पाडव्याचे दरबारी नजरेस घालावी ऐसा ठराव जाहला. यांत जीव बहुत जाणार हे पंतांस दिसत होते. परंतु कुंड वाचावयाचे तर ताटे भरली पाहिजेत, हाही हिशेब उघड होता, म्हणोन त्यांनी थंडवणीची वाट धरिली.

मग सारा गाव कुंडात उतरला. बायांनी पिठाच्या चाळणी आणिल्या, पुरुषांनी जुनी धोतरे फाडून झोळ्या केल्या, आणि तळाची वाळू काढून चाळू लागले. थंडी मी म्हणत होती, ओठ निळे पडत होते, तरी कोणी कुरकुर केली नाही, कारण आपले पाणी आपणच वाचवितो आहो ऐसे प्रत्येकास वाटत होते. भिवा सर्वांपुढे, छातीइतक्या पाण्यात. मिरासीची तीन ताटे भरली. परंतु उपरीचे ताट भरेना. राजगिऱ्याएवढे ते जीव, आणि शिंपलीगणिक चार-सहाच निघायचे. पंत काठावर घोंगडे अंथरून बसले आणि सुईने एकेक शिंपली उघडून आतले दाणे ताटात झाडीत राहिले. थोरल्या संपल्या तेव्हा मधल्या उघडिल्या. ताटाचा तळ झाकला, आणि मग आणखी वाळू, आणखी शिंपल्या, ऐसे करिता करिता फाल्गुन अर्धा सरला. एकदा भिवा पाण्यातूनच म्हणाला, "पंत, समदं काढलं तर मागं काय ऱ्हाईल?"

पंत मान वर न करिता म्हणाले, "अरे, त्यांचे बीज पाण्यात पडलेले असते. थंडी सरली की पाहणीआधी पुन्हा उगवतील. ग्रंथात आहे."

"मंग बरं," भिवा म्हणाला आणि पुन्हा चाळण बुडविली.

शेवटी उपरीचे ताटही काठोकाठ जाहले. कुंडात वाळू स्वच्छ धुतलेली, तांदूळ निवडावे तैसी निवडलेली. चितारी दाखल्याचे चित्र काढणार होता, त्यासाठी पंतांनी एक थोरली शिंपली तेवढी जिती ठेविली आणि कुंडाचे पाणी घातलेल्या पितळी वाटीत घालून घरी नेली. चितारी आलाच नाही.

मग नंदननाम संवत्सर उजाडले. पाडव्याचे दरबारी गुढ्या उभारिल्या, चौघडा झडला आणि चारही ताटे रेशमी रुमालांखाली सरकारांपुढे आणिली. चोपदाराने रुमाल काढिले. सरकारांनी दृष्टी टाकिली, ताटांत कोठे रिकामी जागा दिसली नाही, आणि सरकार एवढेच बोलिले, "फारच बारीक आहे." तेच मंजुरी समजून चारही जाती दाखल जाहल्या आणि अंतोपंतांस शेला पांघरविला. तिकडे थंडवणीस गूळ वाटला. पंत शेला पांघरूनच निजले, इतके सुख त्यांस जन्मात वाटले नव्हते.

दुसरे दिवशी सकाळी पंत संध्येस बसले, तो खिडकीतून ऊन वाटीवर पडलेले. सहज पाहतात तो शिंपली किंचित उघडलेली आणि तिचे फटीतून एक पांढरा दाणा बाहेर येतो आहे. पंतांनी पळी ठेविली आणि भिंग घेतले. तो दाणा तळाशी पडला, थोडा वेळ स्तब्ध राहिला, आणि मग आपली केसाएवढी पांढरी जीभ बाहेर काढून वाटीचे तळावर चालू लागला. ऊन त्याचे पाठीवर पडले तेव्हा पिवळट अंग दिसले, आणि त्या अंगावर तपकिरी रेघ दिसली. आईच्या अंगावर होती तीच. उपरी कोणीच नव्हते. ज्यास पंतांनी परका लिहिला तो पोटचा होता, आणि उपरीचे जे ताट त्यांनी काठोकाठ भरिले ते न जन्मलेल्या लेकरांचे भरिले होते. पाण्यात बीज म्हणोन काही पडलेच नव्हते. जे होते ते त्यांच्याच सुईने निघाले. पंतांस आपल्या हातांची किळस आली. त्यांनी दोन्ही हात पंचपात्रीत बुडविले आणि लहान मुलासारखे ढसढसा रडले. मग वाटीवर फडके बांधून अंगावरच्या शेल्यानिशी थंडवणीकडे धावत सुटले.

कुंडावर भिवा झाडीत होता. पंतांनी विचारिले, "भिवा, एखादी तरी राहिली असेल. कपारीत? पायरीखाली?"

भिवा अभिमानाने म्हणाला, "न्हाई पंत. तुमचं काम म्हनून कपारीबी झाडल्या. एक कन ठेवला न्हाई." आणि पंतांचा चेहरा पाहून म्हणाला, "का वो? काय चुकलं?"

पंतांनी फडके सोडून दोन्ही जीव कुंडाचे पायरीवर, उथळ पाण्यात अलगद सोडिले, आणि तितक्यात पाहणीची पालखी आली. आईसाहेबांचे कायद्याप्रमाणे जीव पाण्यात जिता आहे की नाही हे पाहावयाचे होते, म्हणोन हत्तीखान्याकडील पाहणीदार आणि खुद्द नरहरशास्त्री उतरले. माणसांनी दुपारपर्यंत तळ चाळिला आणि हाती काही न येता पाहणीदार खूष दिसू लागले. तेव्हा अंतोपंतांनी पायरीवरील ते दोन जीव दाखविले आणि शास्त्रीबोवांचे पाय धरिले.

"महाराज, चूक माझी. चार जाती नाहीत, एकच आहे. ही आई आणि हे तिचे पोर. मी डोळ्यांनी जन्मताना पाहिले. एवढे दोन राहिले आहेत. यांवर कुंड राखावे."

शास्त्री भिंग लावून बहुत वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "पंत, सरकारांची नजर पडून दाखल जाहलेली जात फिरत नाही. आता दाखल्यावरून पाहू. उपरी ती दुसरीचे पोटी राहणारी. हा जीव तर उघड्यावर चालतो आहे, तेव्हा हा उपरी नव्हे. आणि थोरली मिरासी म्हणावी तर तिचे पोटी उपरी पाहिजे. आहे की नाही ते उघडल्याविना कैसे कळावे?"

"उघडू नका, महाराज! उघडली तर मरेल!"

"जात न ठरविता जीव मोजिता येत नाही," शास्त्री शांतपणे बोलिले. त्यांचे मनी कपट नव्हते, हे लिहिणे भाग आहे. त्यांस खरोखर तैसेच वाटत होते. मग पाहणीदाराने पंतांचे खांदे धरिले आणि शास्त्रीबोवांनी सुईने आधी थोरली आणि मग धाकटी उघडिली. दोहींचे दात सारखेच निघाले. शास्त्री म्हणाले, "खरेच पंत, एकच जात दिसते." पाहणीदाराने लिहिले, "कुंडात जिता जीव नाही." आणि ते त्या घटकेस अक्षरशः खरे होते.

तरी पंतांनी आस सोडिली नाही. रामनवमीचे दरबारी ते कुंडाचे पाणी घातलेली तीच वाटी चांदीचे तबकात ठेवून घेऊन गेले आणि सरकारांपुढे धरून म्हणाले, "महाराज, यांत काही नाही. हेच पाहावे अशी विनंती आहे." दरबार गडबडला. सरकारांनी मान वळविली, आणि चोपदाराने झटकन रुमाल वाटीवर टाकिला, कारण रित्या जागी सरकारांची दृष्टी पडू नये. पंतांस हात धरून बाहेर काढिले. मग कुंडात दगड पडू लागले. देवीस भिवाने पाठीशी बांधिले आणि गाव उठला. कोणी सासुरवाडीस, कोणी मामाकडे, कोणी वाट फुटेल तिकडे गेला.

जलचरांचे काम उरले नाही म्हणोन अंतोपंत पुन्हा वसुली दप्तरी जाहले. आश्विनात ते एका गावी चावडीवर बसून माणसे लिहीत होते, तो पुढे भिवा उभा राहिला. वाळला होता, दाढी वाढली होती. दोघांनी एकमेकांस ओळखिले. तेव्हा त्या गावचे कुळकर्णी म्हणाले, "हा थंडवणीचा गुरव. पाटलांचे पडवीत राहतो, पाटलांचे रानात राबतो. लिहा, पंत."

पंतांची लेखणी थांबली. "भिवा," ते म्हणाले, "तू मिरासी आहेस."

"कशाचा मिरासी?" भिवा म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणोन ते बोलणे पंतांस अधिक लागले. "लिवा की पंत. मागं बी तुमीच लिवलं हुतं. लिवल्याबिगर दाना मिळत न्हाई."

आणि पंतांनी "उपरी" ऐसे लिहिले, आणि शाई वाळेतो ते अक्षराकडे पाहत राहिले, आणि मग पुढचे माणूस बोलाविले.

एणेप्रमाणे थंडवणीचे शिंपल्यांचा जातनिर्णय जाहला. कुंडाची जमीन दमट, हत्तींस मानवेना, म्हणोन दुसरे पावसाळ्यात हत्ती हलविले आणि तेथे आता टाकळा माजला आहे. चार ताटे सरकारवाड्यात आहेत, अद्यापि काठोकाठ भरलेली. अंतोपंतांनी त्यानंतर शिंपला पाहिला नाही आणि शेलाही पांघरला नाही. यापुढे लिहावे ऐसे त्या पाण्यात काही उरले नाही.